बाजेवरचे दिवस

शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर नेमका कोणत्या तिथीला झाला, यावर महाराष्ट्रात कित्येक दशकं वाद चालला. वैशाख शुद्ध द्वितीया शके 1549 की फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, हे ठरवण्यासाठी बखरी चाळल्या गेल्या, कुंडल्या मांडल्या गेल्या, लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, आणि अखेर 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख सरकारदरबारी मान्य झाली. जुन्नर परिसरातल्या सर्वांत प्रसिद्ध बाळंतपणावर एवढी शाई खर्च झाली, ती सगळी जन्मघटकेसाठी. त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस आईचे कसे गेले, तिला ताप आला का, दूध नीट उतरलं का, हा त्या वादाचा विषय नव्हता. इतिहासकारांना यात दोष देता येणार नाही. ज्याचे कागद असतात त्याचाच इतिहास लिहिता येतो. पण जन्माच्या घटकेकडे सगळं लक्ष आणि नंतरच्या दिवसांकडे पाठ, ही सवय काही इतिहासकारांपुरती नाही. ती रूढीची होती, इंग्रजी अमलातल्या वैद्यकाची होती, आणि स्वातंत्र्यानंतरच्या आरोग्य योजनांचीही ती पुरती सुटलेली नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकरपर्यंत पसरलेल्या डोंगरपट्ट्यात बाळंतिणीच्या संसर्गांचा इतिहास वाचायचा तर या सवयीपासूनच सुरुवात करावी लागते, असं माझं म्हणणं आहे.

आधी दुखणं नीट पाहू. बाळंतिणीला होणारे मोठे संसर्ग दोन ठिकाणचे, गर्भाशयातले आणि स्तनातले. वार सुटून आली की गर्भाशयाच्या आत एक मोठी ओली जखम उरते. तिथे जंतू शिरले की ओटीपोटात कळा, अंगावरून जाण्याला घाण वास आणि हुडहुडी भरून ताप. हा ताप बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांत उठतो आणि वेळेवर उपाय न झाल्यास रक्तात पसरतो. स्तनाचं दुखणं वेगळ्या वाटेने येतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरतं, थानं दाटतात, कधी इतकी घट्ट होतात की बाळाच्या तोंडात बोंड मावत नाही. बाळ नुसतं टोक ओढत राहतं, बोंडाला चिरा पडतात, दूध आत साचतं. मग एका बाजूला गाठ, तिच्यावर लाल चट्टा, ठणका आणि ताप. तरीही थान मोकळं झालं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळू. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली या दुखण्याचा आढावा घेतला, तेव्हा साचलेलं दूध हेच त्याचं मूळ कारण ठरवलं. जंतू बहुधा मागून येतात. यावर कोणी म्हणेल की गर्भाशयातला जंतू तरी बाळंतपणाच्या वेळच्या हातांनीच आत जातो, मग त्या घटकेवर लक्ष ठेवण्यात चूक ती काय? चूक काहीच नाही. पण जंतू त्या दिवशी शिरला तरी तो ओळखायचा असतो तिसऱ्या, पाचव्या, आठव्या दिवशी, आणि स्तनाच्या बाबतीत तर जन्मघटकेचा संबंधही फारसा येत नाही. दोन्ही दुखणी बाजेवरच्या दिवसांची आहेत.

भीमाशंकरच्या भोवतालच्या वाड्यांमध्ये वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची, सोबत ठाकर आणि कातकरी. उतारावरची भातखाचरं, वरकस जमिनीत नाचणी-वरई, आणि रोख पैशासाठी जंगलातला हिरडा. एक वाडी दुसरीपासून ओढ्या-खिंडींनी तुटलेली. अशा ठिकाणी बाळंतपण घरातच होई, आणि सुईण म्हणजे बहुधा भावकीतलीच जाणती बाई. नाळ विळ्याने नाहीतर पात्याने कापायची, वार पुरायची, बाळंतिणीला घरातल्या आडोशाच्या कोपऱ्यात घ्यायचं, बाजेखाली शेक, ओवा आणि वावडिंगाची धुरी. सोयर धरलेली, म्हणून दहा दिवस तिला बाकीच्यांनी शिवायचं नाही. पाचव्या रात्री पाचवी पुजायची. पाटा उभा करायचा, त्यावर वरवंटा, पुढे विळा, हळद-कुंकू, नैवेद्य, आणि दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. 1885 साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जातवार जन्मविधींची वर्णनं भरपूर आहेत; पाचवीचं पूजन त्यात पुन्हा पुन्हा येतं. साहेबाला विधी दिसला आणि त्याने तो टिपला. त्या कोपऱ्यातल्या बाईच्या अंगात ताप आहे का, हे टिपणं त्याचं काम नव्हतं.

या विधींकडे आज पाहताना दोन टोकं गाठली जातात. एक म्हणतं, पूर्वजांना सगळं कळत होतं. दुसरं म्हणतं, ही निव्वळ अंधश्रद्धा. पुरावा दोघांच्याही बाजूने उभा राहत नाही. पाचव्या-सहाव्या रात्रीचं भय हवेतून आलेलं नाही. नाळेतून शिरलेला धनुर्वात बाळाला पहिल्या एक-दोन आठवड्यांत गाठतो, आणि आईचा सूतिकाज्वरही याच सुमाराला डोकं वर काढतो. पिढ्यान्‌पिढ्या याच दिवसांत घरं रिकामी होताना पाहिलेल्या बायकांनी त्या रात्री जागायचं ठरवलं असेल, तर त्यामागे अनुभव होता असं मानायला जागा आहे. जंतूंचं ज्ञान होतं असं मात्र नाही. आणि त्या जाग्या रात्रीतही सगळ्यांची नजर बाळाच्या कपाळावर. आईच्या छातीवर हात ठेवून गाठ लागते का, हे पाहणं कोणाच्याच वाट्याचं काम नव्हतं. सोयरीमुळे तर शिवण्याचीच चोरी. त्यात चिकाची रीत. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पहिलं पिवळसर चिकाचं दूध बाळाला बाधतं असं समजून पिळून टाकत, दोन-तीन दिवस गूळपाणी नाहीतर मधाचं बोट चाटवत. म्हणजे नेमकी दूध भरण्याची वेळ, आणि ओढून घेणारं बाळ बाजूला. थान दगड होण्याची याहून पक्की तजवीज दुसरी नाही. रूढीने बाईला विसावा दिला, ऊब दिली, खारीक-डिंक-हळीव दिले, आणि त्याच हाताने स्तनाच्या दुखण्याची बीजंही पेरली. दोन्ही गोष्टी एकदमच मांडाव्या लागतात.

विसाव्याबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सव्वा महिन्याची बाज ही ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्याच्या घरची गोष्ट. भीमाशंकरच्या पट्ट्यात आवणीचे दिवस आषाढातले. रोपं उपटून चिखलात लावायची ती पाऊस हाताशी आहे तोवरच, आणि त्या कामात बाईचा हात सगळ्यात जास्त. जेठात मोकळी झालेली बाई आषाढात खाचरात उतरते. डोक्यावर इरलं, पाय पोटरीपर्यंत चिखलात, कंबर वाकलेली. बाळ घरी सासूजवळ. सकाळपासून दुपारपर्यंत थान भरत राहतं, चोळी आधी दुधाने ओली होते, मग पावसाने, आणि मग दूध गळायचंही थांबतं, कारण आत सगळं तटलेलं असतं. संध्याकाळी ती घरी येते ती थंडी भरूनच. घरातले म्हणतात, पावसात भिजली म्हणून ताप आला. या तापाचं कारण पावसात शोधलं गेलं, नजरेत शोधलं गेलं, बाहेरच्या वाऱ्यात शोधलं गेलं. चार-पाच तास अंगावर न पाजल्यात क्वचितच शोधलं गेलं.

आता एक आश्चर्याची गोष्ट. या दुखण्याची नीट समज आपल्या जुन्या ग्रंथांत होती. सुश्रुतसंहितेत स्तनरोगांचं स्वतंत्र वर्णन आहे. कुमारिकेच्या स्तनातल्या वाहिन्यांची तोंडं मिटलेली असतात म्हणून तिला हा रोग होत नाही, गर्भिणीच्या आणि बाळंतिणीच्या वाहिन्या उघडतात म्हणून होतो, असा कार्यकारणभाव तिथे मांडला आहे. उपचारात तर सुश्रुत आणखी पुढे जातो. स्तनातली गाठ कच्ची असो, पिकत असो की पिकलेली असो, तिन्ही अवस्थांत स्तनातलं दूध काढत राहावं, आणि ती पिकवायला गरम पोटीस बांधू नये, असं त्याचं सांगणं. आजचा डॉक्टर दुखऱ्या बाजूनेही पाजत राहा असं सांगतो, आणि बाळ ओढत नसेल तर हाताने पिळून काढायला सांगतो. म्हणजे गाभा तोच. याउलट महाराष्ट्राच्या घराघरांत शतकानुशतकं काय चाललं? दुखऱ्या बाजूने पाजायचं नाही, कारण दूध नासलं. आणि अळशीचं पोटीस बांधून गळू पिकायची वाट पाहायची. हळद आणि धोत्र्याचा लेपही ग्रंथांतून वापरात उतरला. पण धोत्रा विषारी; थान न धुता बाळाला लावलं तर विष बाळाच्या पोटात जायचं. ज्ञान होतं, ते पोथीत होतं. पोथी वाचणारा वैद्य पुरुष, आणि बाजेवरच्या बाईची छाती तो पाहणार नाही. जी पाहू शकत होती त्या सुईणीला अक्षर शिकायची मुभा नव्हती. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. पोथी आणि बाज यांच्यामधली ही भिंत पहिल्यांदा एका मराठी बाईने ओलांडली. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या हातून रुग्णसेवा घडायची राहून गेली.

त्यानंतरच्या अर्धशतकात इंग्रजी वैद्यकाने सगळा दोष एका व्यक्तीच्या माथी मारला, ती म्हणजे सुईण. 1885 चा डफरीन फंड, 1903 चा दायांना शिकवण्यासाठीचा व्हिक्टोरिया फंड, आणि कॅथरिन मेयोचं 1927 चं पुस्तक, या सगळ्यांत घाणेरड्या हातांची अडाणी दाई हीच भारतीय आईची वैरीण म्हणून उभी आहे. आरोपात तथ्य नव्हतं असं म्हणता येत नाही. न उकळलेलं पातं, नाळेवर लावलेली राख किंवा शेण, अडकलेली वार काढायला आत घातलेला हात, यांनी आया आणि बाळं दोन्ही मेली. पण सूतिकाज्वराचा सर्वांत भयानक इतिहास डोंगरातल्या वाड्यांचा नाही, तो युरोपातल्या मोठ्या इस्पितळांचा आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात 1846 साली डॉक्टर आणि विद्यार्थी जिथे बाळंतपणं करत, त्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बायका मेल्या. सुइणींच्या विभागात तीनाहून कमी. शवविच्छेदन करून आलेले हात सरळ बाळंतिणीला लागत होते. इग्नाझ सेमेलवाइसने 1847 मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि पुढच्या वर्षी मृत्यू शंभरात दीडच्याही खाली आले. हे लक्षात घेतलं की भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या आहुप्यासारख्या गावच्या सुईणीकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. तिच्या हाती वर्षाला मोजकीच बाळंतपणं, शवागाराशी संबंध नाही, एका तापकरी बाळंतिणीकडून उठून त्याच दिवशी दुसरीकडे जाण्याचा प्रसंग विरळा. तिची खरी उणीव दुसरीच होती. नाळ कापली, न्हाऊ-माखू घातलं, चोळ-शेक झाला, पाचवीला लुगडं-चोळी घेतली की तिचं काम सरलं. ताप ओळखून डोंगर उतरायला कधी सांगायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि उतरून जायचं कुठे, हाही प्रश्नच होता.

शिकवायला सुरुवात झाली तेव्हाही तीच घटका शिकवली गेली. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी सेवासदन उभं केलं, तिथून सुशिक्षित परिचारिका आणि सुइणी बाहेर पडू लागल्या. त्यांचा वावर शहरात. 1946 च्या भोर समितीने देशात हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरतात, म्हणजे वर्षाला दोनेक लाख, असा अंदाज मांडला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे ठेवली. पुढे दायांच्या प्रशिक्षणाचा सगळा भर पाच स्वच्छतांवर राहिला: हात, बाळंतपणाची जागा, पातं, नाळ बांधायचा दोरा आणि नाळेचं टोक. या पाचांनी लाखो जीव वाचवले. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताबाबत 2015 मध्ये जाहीर झालं, त्यात लसीइतकाच यांचाही वाटा आहे. तरीही पाचातल्या चार स्वच्छता जन्माच्या तासाभरातच संपतात, आणि पाचवी बाळाची आहे. औषधाचंही तेच. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्याने वर्षभरात तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. सूतिकाज्वराचं मारक औषध पुणे जिल्ह्यातच, भीमाशंकरपासून शंभरेक किलोमीटरवर बनत होतं. पण औषध शिशीत असून उपयोग काय, जोवर आठव्या दिवशीचा ताप कोणी मोजत नाही?

हे सगळं अंदाजाने चाललं आहे का, असा आक्षेप रास्त ठरला असता, जर गडचिरोलीचं काम झालं नसतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995-96 मध्ये तिथल्या 39 गावांत 772 बायकांची घरी जाऊन पाहणी केली, बाळंतपणात आणि त्यानंतरही. तिचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष बाळंतपणाच्या वेळी साधारण 18 टक्के बायकांना काही ना काही बिघाड झाला. नंतरच्या दिवसांत 43 टक्क्यांना. आणि त्या दिवसांतलं सर्वांत जास्त आढळलेलं दुखणं कोणतं? स्तनाचं, 18.4 टक्के. त्याखालोखाल उशिराचा रक्तस्राव 15.2 टक्के आणि जननमार्गाचा संसर्ग 10.2 टक्के. ज्या दुखण्याला रूढीने नाव दिलं नाही, साहेबाने टिपलं नाही आणि दाईच्या वर्गात जागा मिळाली नाही, ते यादीत पहिलं निघालं. गडचिरोली म्हणजे भीमाशंकर नव्हे, हे खरं. तिथली माणसं वेगळी, पाऊस वेगळा, जंगल वेगळं. म्हणून ते आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण घरी बाळंतपण, दवाखाना लांब, चिकाबद्दलचा संशय आणि बाळंतिणीचं शेतात लवकर उतरणं, या गोष्टी जिथे सारख्या आहेत तिथे दुखण्यांचा क्रम फार बदलेल असं मानायला कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 मध्ये सुमारे 65 टक्के होती, ती 2019-21 च्या पाहणीत 94.7 टक्क्यांवर गेली. लाख जन्मांमागे मातामृत्यू 2004-06 मध्ये 130 होते, ते 2018-20 मध्ये 33 झाले. तळेघर, डिंभे, अडिवरे इथे आरोग्य केंद्रं आहेत, घोडेगावला ग्रामीण रुग्णालय, मंचरला उपजिल्हा रुग्णालय, फोन केला की 108 ची गाडी. मग हे जुनं रडगाणं कशाला? यश खरं आहे, आणि ते ज्यांच्या कष्टांनी आलं त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण मृत्यू मोजणं आणि दुखणं मोजणं यांत फरक आहे. स्तनाच्या गळवाने आता सहसा कोणी मरत नाही. ती बाई महिनाभर ठणक्याने रडते, गळू फोडून घ्यावं लागतं, अंगावरचं दूध सुटतं आणि बाळ बाटलीवर जातं, तेही जिथे बाटली उकळायला सरपण आणि निवांतपणा दोन्ही नाही अशा घरात. शिवाय दवाखान्याच्या वेळापत्रकातच एक फट आहे. सरळ बाळंतपणानंतर 48 तास ठेवून घ्यायचा नियम. म्हणजे दूध भरायच्या ऐन तोंडावर बाई घरी निघते. तिसऱ्या दिवशी थान दाटतं तेव्हा ती वाडीवर असते, पावसाळ्यात कधी दरड आल्याने रस्ता बंद, आणि मंचर भीमाशंकरपासून साठेक किलोमीटर दूर. बाळंतपण खाली दवाखान्यात उतरलं. बाळंतीण पूर्वी होती तिथेच, त्याच कोपऱ्यात, आता सुईणीवाचून. कारण घरचं बाळंतपण सुटलं तशी त्या जाणत्या बाईची रोजची फेरीही सुटली, आणि ही तूट कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

ती भरून काढू शकेल अशी एकच व्यक्ती आज वाडीवर आहे, आशा कार्यकर्ती. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईच्या घरी तिने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं असतं. हे वेळापत्रकही गडचिरोलीच्याच कामातून पुढे आलेलं. तिच्या हातातल्या तक्त्यावर आईचा ताप, स्रावाचा वास, चिरलेली बोंडं, दाटलेली थानं, हे सगळे रकाने छापलेले आहेत. पण त्या योजनेचं नाव नवजात बाळाची घरगुती काळजी, मानधन बाळाच्या भेटी पुऱ्या केल्याचं, आणि वरचा अधिकारी आधी विचारतो ते बाळाचं वजन. म्हणून आईचे रकाने दारातूनच विचारून भरले जाण्याचा धोका राहतो. तक्ता बदलायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी काटा पिशवीतून काढण्याआधी आशाने आडोशाला बसून बाळंतिणीची दोन्ही थानं हाताने पाहावीत, बाळाला तिच्यासमोर पाजायला लावावं, तटलं असेल तर पिळून कसं काढायचं ते तिथेच करून दाखवावं, आणि काखेत थर्मामीटर लावावा. वरच्या तपासणीतही हाच प्रश्न पहिला विचारला जावा. आणि घरात आवणी चालू असेल तर तिने सासूशीही बोलावं, की दुपारच्या भाकरीबरोबर बाळही बांधावर नेता येतं.